झेंडूवरची केसाळ अळी

अमडापुरात माझं कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खत आणि औषध. औषध म्हणजे खरं तर विष, पण आमच्याकडे ते तापावरच्या गोळीइतक्याच विश्वासानं 'औषध' म्हणून मागतात. गिऱ्हाईक येतं, खिशातून चुरगळलेलं पान काढतं, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "पाहा बरं, काय लागलं." मी चष्मा कपाळावर ढकलून पाहतो आणि मागच्या फळीवरची बाटली काढून देतो. इतक्या वर्षांत किड्यांशी माझा संबंध तेवढाच. चेहरा पाहायचा आणि काय पाजायचं ते ठरवायचं.

मग चष्म्याचा नंबर वाढला आणि घोळ व्हायला लागले. फुलकिड्यांच्या जागी मला कोळी दिसायचा, कोळ्याच्या जागी धूळ, आणि धुळीच्या जागी काहीही. एकाला तर मी मिरचीवर बसलेल्या रस्त्याच्या धुळीवर औषध दिलं. तो पुन्हा आला तेव्हा म्हणाला, "मस्त गुण आला." पण ही गोष्ट संभाजीनगरात शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या कानावर गेली, आणि तिनं मोबाइलला चिमट्यानं अडकवायचं एक भिंग पाठवून दिलं. सोबत निरोप: "बाबा, आधी याच्यातून पाहत जा, मंग बाटली देत जा."

ते भिंग मी पहिल्यांदा वापरलं ते दुकानामागच्या वाफ्यात, भेंडीच्या फुलावर. पिवळं फूल, तळाशी गर्द जांभळं. देठाजवळ लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा एक ढालकिडा बसला होता आणि एकेक मावा धरून खात होता. म्हणजे माझाच धंदा करत होता, तोही फुकट. भिंगातून त्याची पाठ नव्या मोटारसायकलच्या टाकीसारखी चकाकत होती. किडा दिसला आणि माझा हात बाटलीकडे गेला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मी फोटो काढला. फोटोत एक लाल डाग आला. मी तो डाग दिवसभर पाहत होतो.

तेव्हापासून मला नाद लागला. या भिंगाची गंमत अशी, की ते किड्यापासून दोन बोटांवर नेलं तरच स्पष्ट दिसतं. दोन बोटांवर नेईपर्यंत किडा थांबत नाही. थांबला तर वारा येतो. वारा पडला तर मोबाइलची सावली पडते. सावली टाळायला मी दुसऱ्या बाजूला गेलो, तर माझ्याच श्वासानं भिंगावर वाफ धरते. आणि सगळं जुळून आलं की दुकानातून कोणीतरी हाक मारतं, "युरिया आला का हो?"

भेंडीच्या वाफ्यात मी ओणवा झालेलो, पार्श्वभाग आभाळाकडे, तोंड फुलात. शेजारच्या दुकानदारानं कुंपणावरून विचारलं, "भाऊ, काई हरपलं का?"

"नाई, फोटो काढून राह्यलो."

"कोणाचा?"

"मधमाशीचा."

तो म्हणाला, "काऊन? तिनं काय घोडं मारलं तुमचं?"

त्याच आठवड्यात मला ती मधमाशी सापडली. झेंडूच्या फुलावर अशी शांत बसली होती, की मी जवळ गेलो, आणखी जवळ गेलो, उजवीकडून काढला, डावीकडून काढला, वरून काढला, तरी ती जागची हलली नाही. इतकी समंजस मधमाशी मी पाहिली नव्हती. मला वाटलं, आपलं तंत्र बसलं. फोटोही चांगला आला. निदान ती मधमाशी आहे हे सांगावं लागत नव्हतं. मी तो सासरवाडीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'कष्टाची पूजा. सुप्रभात.'

आता इथे माझ्या साडूला आणणं भाग आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मेहकरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. फोटोग्राफी शिकायला तो काही महिने पुण्यात राहून आला आणि तेव्हापासून 'मले'चं 'मला' झालं, 'हाये'चं 'आहे' झालं. फक्त राग आला किंवा फार आनंद झाला की पुणं उतरतं आणि खालचं मेहकर वर येतं. नात्यानं मी थोरला जावई आणि तो धाकटा. पण सासऱ्यांच्या घरी बैठकीत जो मोठा फोटो लावला आहे, आमच्या मेव्हण्याच्या लग्नातला, तो त्यानं काढलेला. त्यात सगळे आहेत. मीही आहे. माझा कान आहे आणि खांद्याचा एक तुकडा आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "फ्रेम संपली हो साडूभाऊ." माझ्यापाशी येऊनच बरी संपली. त्या फोटोत सासऱ्यांच्या शेजाऱ्याचा बैल पूर्ण आला आहे.

तर त्या माणसानं माझा मधमाशीचा फोटो मोठा केला, त्यावर लाल गोल काढला आणि परत ग्रुपवर टाकला. गोलात, फुलाच्या पाकळ्यांत दडलेला एक पिवळट कोळी होता. त्यानं मधमाशीची मान धरलेली होती. खाली साडूनं लिहिलं: 'साडूभाऊ, ती मेलेली आहे. भावपूर्ण श्रद्धांजली.'

सासरवाडीच्या ग्रुपवर वरचं कोणी वाचत नाही. शेवटची ओळ वाचतात आणि जोडलेले हात टाकतात. एकानं टाकले, दुसऱ्यानं टाकले, मग रांगच लागली. 'देव मृतात्म्यास शांती देवो.' 'फार वाईट झालं.' 'काल-परवाच भेट झाली होती.' ही शेवटची ओळ कोणी लिहिली आणि मधमाशीला तो कुठे भेटला होता, ते मला अजून कळलेलं नाही. संग्रामपूरच्या एका मावशींनी रडतच सासूबाईंना फोन केला. कोणीतरी भाचा मोटारसायकल घेऊन डोणगावकडे, म्हणजे माझ्या सासरी, निघालासुद्धा.

दुपारी सासूबाईंचा माझ्या बायकोला फोन आला. मी शेजारीच जेवत होतो, त्यामुळे पलीकडचा आवाजही ऐकू आला.

"कोण गेलं वं?"

"कोणी नाई आई. मधमाशी."

"कोणाची?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं.

संध्याकाळी साडूचा बोललेला निरोप आला, सगळ्या ग्रुपला ऐकू जाईल असा. "साडूभाऊ, मयतीचे फोटो काढायला आम्हाला बोलावणं येतं, तुम्ही तर न बोलावता जाता. पण तुमचा दोष नाही. दिवसभर औषधाच्या दुकानात बसता, अंगाला वास येतो. जिवंत किडा तुमच्यासमोर बसेलच कसा? तुम्हाला मेलेलाच सापडणार." मागे दोघं-तिघं हसल्याचा आवाज होता. स्टुडिओत गिऱ्हाईक असणार. म्हणजे मेहकरच्या अनोळखी माणसांतही माझी शोभा झाली.

लोक मला शांत माणूस समजतात. पण माझ्या धंद्यात औषधाचे दोन प्रकार असतात. एक स्पर्शानं मारणारं. फवारलं की किडा टपकन पडतो. दुसरं आंतरप्रवाही, ते पानावर पडतं, झाडाच्या अंगात हळूहळू मुरतं, आणि किडा मजेत रस पीत असतानाच त्याचं काम होतं. मला दुसऱ्या प्रकारचा सूड पाहिजे होता. मी ठरवलं, असा एक फोटो काढायचा की त्या माणसानं चारचौघांत, आपल्या तोंडानं, 'व्वा' म्हटलं पाहिजे. मग मी त्याच्याकडे फक्त पाहणार होतो. काय बोलायचं नाही हेसुद्धा मी आरशासमोर बोलून पाहिलं.

मुदत ठरलेलीच होती. त्या वर्षी धोंड्याचा महिना श्रावणात आला होता. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावून अनारशांचं वाण देतात, हे ज्यांना जावई आहेत त्यांना सांगायला नको. डोणगावला आम्हा दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावणं होतं. म्हणजे सासऱ्यांच्या गळ्यात दोन्ही धोंडी एकदमच.

मी कामाला लागलो. आधी वासाचा बंदोबस्त. दुकानातून आलो की आंघोळ, वेगळा सदरा, मग वाफ्यात. किडे तरी उडायचेच. मग वाटलं, साबणाचा वास येत असेल. साबण सोडला. दोन दिवसांनी किड्यांचं माहीत नाही, पण बायको लांब बसायला लागली.

मग वाऱ्याचा बंदोबस्त. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे आणून झेंडूचा देठ काठीला अडकवला. फूल एकदम स्थिर झालं, आणि त्या फुलावर कोणी येईना. शेजारची सगळी हलणारी फुलं गजबजलेली आणि माझं फूल पोलिसानं धरून आणलेल्या माणसासारखं एकटं उभं. त्याला गिऱ्हाईक यावं म्हणून मी त्यावर मधाचे थेंब टाकले. मधमाशी आली नाही. अमडापुरातल्या माश्या मात्र आल्या, घरातल्या, गोठ्यातल्या, मिठाईच्या दुकानातल्या, आणि मागोमाग लाल मुंग्या. मुंग्या फुलावर जायच्या आधी माझ्या पायजम्यातून वर आल्या. मी जी उडी मारली, तीत भेंडीची एक ओळ आडवी झाली.

बायको मागच्या दारात उभी होती. "अहो, भेंडीवर रोटाव्हेटर फिरवून राह्यले का?"

"तू आत जाय."

"जातो. तुमी नाचा."

आमच्याकडे बायका 'जातो' म्हणतात तेव्हा त्या जात नाहीत.

डोणगावला जायच्या आदल्या दिवशी मला एक खरोखरचा मोठा मासा लागला. दोडक्याच्या फुलावर गांधीलमाशी. पिवळी-तपकिरी, कंबर अशी की सोनारानं ओढून काढलेली. ती फुलात डोकं घालून बसली होती आणि मी दोन बोटांवर पोचलो होतो. चित्र स्वच्छ दिसत होतं. डोळ्यांच्या जाळ्या दिसत होत्या. आता साडू मेला, असं मी मनात म्हणालो. मनात म्हणालो असं मला वाटलं. ओठ हलले असणार. माशीनं फूल सोडलं आणि माझा वरचा ओठ धरला.

दुसऱ्या दिवशी मी सासरी गेलो तो असा: हातात फोटो नाही, आणि वरचा ओठ अनारशाएवढा.

साडू आधीच ओसरीवर येऊन बसला होता. पांढरा कुडता, गळ्यात कॅमेरा, आणि मिशीला काळा कुळकुळीत रंग. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि अत्यंत सभ्य आवाजात विचारलं, "साडूभाऊ, फोटो घेत होतात की मुका?"

सासरे हसले. ते कधी हसत नाहीत. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. माझी बायको, जिनं रात्री माझ्या ओठाला हळद लावली होती, तीसुद्धा स्वयंपाकघराकडे घाईनं गेली आणि तिचे खांदे हलताना मला दिसले.

"बरोबर आहे," साडू पुढे म्हणाला, "जिवंत किडा सापडला शेवटी."

आम्हाला पाटावर शेजारी-शेजारी बसवलं. टोपी, टॉवेल, कुंकू, गळ्यात झेंडूचे टपोरे हार. तबकात अनारसे, वर दिवा. मग जेवण. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार. मला धोंडा तोंडात घालता येईना. ओठ मध्येच यायचा. साडूनं माझ्या वाटणीचेही उडवले आणि खाता खाता फोटोग्राफीवर भाषण दिलं. "किड्याच्या फोटोला तीन गोष्टी लागतात. उजेड, संयम आणि नजर. भिंग काय, बाजारात कोणालाही मिळतं." बोलताना तो अनारसा दाखवायचा आणि मग खायचा. अनारशाची खसखस त्याच्या मिशीत सांडत होती. सगळे मान डोलावत होते. मी वरण पीत होतो.

जेवण झालं, सासरे वावराकडे गेले, बायका आत जेवायला बसल्या. साडू ओसरीवरच्या चटईवर आडवा झाला. हार काढला नाही. मानाचा हार दिवसभर घालायचा असा त्याचा नेम असावा. दोन मिनिटांत घोरायला लागला. मी खांबाला टेकून ओठ सांभाळत बसलो होतो आणि त्याच्या कॅमेऱ्यात पाणी कसं जाईल याचा विचार करत होतो, एवढ्यात एक काळी मुंगी हारावरून त्याच्या हनुवटीवर चढली आणि मिशीकडे निघाली.

देवाशपथ सांगतो, मी भिंग लावलं ते मुंगीसाठी.

गुडघ्यांवर सरकत गेलो. दोन बोटांवर पोचलो. मुंगी तोवर कुठे गेली कोणास ठाऊक, पण भिंगात जे दिसलं त्यानं मी जागीच थबकलो. काळ्या राठ केसांचं रान. प्रत्येक केस वर काळा, मध्ये तांबूस आणि मुळाशी पांढरा, कारण रंग टोकांना बसला होता आणि वाढ खालून चालूच होती. केसांमध्ये मोत्यासारखे पिवळसर गोल दाणे, तुपानं चमकणारे. आणि मागे, झोपेत हनुवटीपर्यंत सरकून आलेल्या हाराचा केशरी झेंडू, मऊ, धूसर, अगदी चांगल्या फोटोत मागची फुलं असतात तसा.

एवढ्या दिवसांत मला असा विषय मिळाला नव्हता. औषधाच्या वासानं उडणारा नाही. वाऱ्यानं हलणारा नाही. हलायचा तो फक्त घोरण्यानं: श्वास आत गेला की मिशी वर, बाहेर आला की खाली. दोन्हींच्या मध्ये एक क्षण ती अगदी निश्चल असायची. मी माझा श्वास त्याच्या श्वासाला जुळवला. त्यानं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी त्या क्षणी माझ्याजवळ होत्या.

"जावईबापू, काय करून राह्यले?"

सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात ताकाचा गडवा.

"मुंगी होती, मामी. त्यांच्या तोंडावर."

"मंग हाकला ना. फोटो काय काढता?"

मी हवेतच हात हलवून मुंगी हाकलली.

अमडापूरला परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी तो फोटो ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं: 'काल डोणगावला झेंडूवर सापडली. कोणी नाव सांगेल काय?' यात खोटं काय आहे ते मला दाखवा.

उत्तरं यायला लागली. 'केसाळ अळी.' 'जवळ जाऊ नका, खाज सुटते.' मेव्हण्यानं लिहिलं, 'आमच्या सोयाबीनवर अशीच होती.' सासऱ्यांचा बोललेला निरोप आला, चिंतेच्या सुरात: "जावईबापू, हे घराजवळ सापडली म्हणता? कपाशीवर गेली त लय नास करन. कोणतं औषध मारू?" मी त्यांना कळवलं, तूर्त काही मारू नका, ही खाऊनपिऊन तृप्त आहे. एका काकांनी मात्र नेमकं विचारलं, 'त्या अळीमधी अंडे दिसून राह्यले. अळी अंडे कशी देईन?' धंदा माझा असल्यामुळे उत्तर देणं आलं. मी लिहिलं, 'अंडी दुसऱ्याची आहेत.' खसखस सासूबाईंची होती.

साडू गप्प होता. मला वाटलं, ओळखलं. दुपारभर मी गिऱ्हाइकांना कोणती बाटली दिली ते मला आठवत नाही. आणि मग त्याचा फोन आला.

"साडूभाऊ," तो म्हणाला. आवाज वेगळाच होता. पुणं कुठेच नव्हतं त्यात. "मले पूर्ण मोठा फोटो पाठवा. लय जबरदस्त आला हो. एकेक केस मोजून घ्या. आन् तो मागचा झेंडू, बाप्पा. मी एवढ्या वर्षांत असा नाई काढला."

मी ज्यासाठी मुंग्या सोसल्या, ओठ गमावला, ते वाक्य हेच होतं. माझ्या कानात ते मधासारखं उतरलं. आणि ते खाली उतरता उतरता माझ्या लक्षात आलं, की आता मी त्याला खरं सांगितलं तर हे वाक्य परत घेतलं जाईल. सूड घ्यायचा तर कौतुक सोडावं लागत होतं. कौतुक ठेवायचं तर तोंड शिवावं लागत होतं. मी फोटो पाठवून दिला. मोठा पाठवला.

थोड्याच दिवसांत ग्रुपवर नवा फोटो आला. साडूच्या स्टुडिओची काच. काचेच्या आत, नवरा-नवरींचे फोटो बाजूला सारून, मधोमध माझा फोटो, दाराएवढा केलेला, वर दिवा सोडलेला. खाली सोनेरी अक्षरांत: 'झेंडूवरची केसाळ अळी. आमच्या मार्गदर्शनाखाली.' माझं नाव नव्हतं. इथेही फ्रेम संपली असावी.

एरवी माझा जळफळाट झाला असता. पण मी त्या दिवशी दुकानातल्या नोकराला चहा पाजला.

पुढच्याच आठवड्यात बियाण्याच्या कामाचं निमित्त काढून मी मेहकरला गेलो. काचेसमोर दोन म्हातारे उभे होते.

"हे चावते काय बे?"

"चावत नाई. अंगाले लागली की आग होते."

"डोळे कुठी हायेत याचे?"

"मागं असतीन."

आत साडू उभा होता, बरोबर फोटोच्या खाली, आणि विचारपूर्वक मिशीवरून बोट फिरवत होता. वर दाराएवढी मिशी, खाली मूळची. म्हाताऱ्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि पुढे निघून गेले. मला खोकला आला. इतका आला की साडूनं बाहेर येऊन माझ्या पाठीवर थोपटलं, आत नेलं, चहा मागवला. मग मला माझाच फोटो समजावून सांगितला. "ही केसांची पांढरी मुळं पाहा. शत्रूला घाबरवायला असतात ती. निसर्ग मोठा कलाकार आहे, साडूभाऊ." मी म्हटलं, हो, मोठाच. "पोरं विचारतात, हिचं फुलपाखरू कधी होणार?" मी म्हटलं, याचं काही होण्यासारखं नाही. चहा गोड होता. त्याच्या दुकानातला चहा मला आजवर कधी गोड लागला नव्हता.

घरी आलो ते गाणं गुणगुणत. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "बियाणं चांगलं मिळालं."

चार-सहा दिवसांनी जेवायला बसलो असताना बायकोचा फोन वाजला. ती उठून अंगणात गेली, बराच वेळ बोलली आणि येऊन फोन माझ्या हातात दिला. "धाकटी हाये. तुमाले मागून राह्यली."

मेहुणी माझ्याशी फोनवर कधी बोलत नाही. लग्नापासून ती माझ्यापुढे चार शब्दांच्या वर गेलेली नाही. मी घास खाली ठेवला.

"भाऊजी, आज मी स्टुडिओत गेलती. डबा द्याले."

"बरं."

"त्या काचेतली अळी पाह्यली."

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"ती अळी मी दर पंधरवड्याले रंगवतो, भाऊजी. बसवून, बशीत रंग कालवून, जुन्या दातघासणीच्या बुरशानं. मुळापासून लावू देत नाई, म्हणते थंड लागते. मले नाई ओळखू येणार काय?"

आता हे घरभर होणार, डोणगावला कळणार, सासरे मला दारात उभं करणार नाहीत, असं सगळं एका झपाट्यात डोळ्यांपुढून गेलं. "मी काढून टाकायला सांगतो," मी म्हणालो.

"काऊन?" ती म्हणाली. "राहू द्या ना. मी रोज डबा घेऊन जात जाईन म्हणतो." मग अगदी हळू आवाजात, शेजारी कोणी असावं तशी: "बारा वर्षं झाले, माह्या प्रत्येक फोटोत 'हनुवटी खाली घे, तुही मान जाड दिसते' म्हणते हा माणूस. लोकाईसमोर. तुमचा त एकाच फोटोत निस्ता कान आला. मंग पुढच्या खेपीले येसान तवा ते भिंग घेऊनच या. नाकातलेबी हायेत. ते गवत म्हणून खपतीन."

फोन बंद झाला. माझ्या सुडाला इतकी चांगली भागीदार मिळेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बायको समोर बसून माझ्याकडे पाहत होती. दोघी बहिणींचं अंगणात आधीच बोलून झालं होतं. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि मी ढालकिड्याकडे पहिल्यांदा पाहिलं होतं तसं निरखून पाहत होती.

"अहो," ती भाजी वाढता वाढता म्हणाली, "ते चिमट्याचं भिंग तुमी कुठी ठेवता?"

दुपारी हल्ली मी तोंडावर टॉवेल घेऊन झोपतो.